शहीदुल भाईंचं ढाका

फोटोग्राफीवाल्या मंडळींत बसले की हल्ली मी एक आगाऊ प्रश्न विचारते. शहीदुल आलम यांचा एखादा फोटो आठवतोय का? नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. बांगलादेशचे ना, सरकारनं तुरुंगात टाकलं होतं ते? पण फोटो म्हटलं की माणसं पंख्याकडं बघायला लागतात. आपले फोटोग्राफर रघु राय म्हटल्यावर भोपाळ वायुदुर्घटनेतलं ते मातीत पुरलं जाणारं बाळ चटकन डोळ्यांपुढं येतं. शहीदुल भाईंचं तसं होत नाही. (ढाक्यात त्यांना सगळे शहीदुल भाईच म्हणतात, अगदी विशीतली पोरंसुद्धा, म्हणून मीही तसंच लिहिते.)

फोटो त्यांनी चांगलेच काढलेत, काही तर फार चांगले. पण एका शहरातल्या फोटोग्राफरांची विचार करायची रीतच त्यांनी बदलली, आणि त्या कामापुढं त्यांचे स्वतःचे फोटो मागं पडले. असं झालेला दुसरा फोटोग्राफर मला तरी माहीत नाही. पोस्ट लांबलीय, चहा घेऊन बसा.

नव्यानं आलेल्यांसाठी थोडं माझ्याबद्दल. सांगलीत माझा स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, डोहाळजेवणं, शाळांचे ग्रुप फोटो, आणि आता प्री-वेडिंग नावाची नवी पीडा. स्टुडिओ सासऱ्यांनी सुरू केलेला, त्यामुळं हायपोचा, म्हणजे फिल्म धुवायच्या रसायनाचा वास लग्न होऊन आले तेव्हापासून नाकात आहे. आमच्याकडं 'सीरियस' फोटोग्राफी म्हणजे क्लब. रविवारी पहाटे गाडी काढायची, धनगरांचा तळ गाठायचा, मेंढरांच्या धुरळ्यात उन्हाची तिरीप पकडायची, म्हाताऱ्याच्या सुरकुत्या टिपायच्या आणि सलोनला, म्हणजे फोटोंच्या स्पर्धा-प्रदर्शनाला, एन्ट्री धाडायची. ॲक्सेप्टन्स आला की पेढे. यात वाईट काही नाही, माझा हात त्यातच बसला. पण त्या म्हाताऱ्याच्या मेंढरांना चराईला रान उरलंय का, असं आमच्यापैकी कुणी त्याला विचारल्याचं मला आठवत नाही.

ढाक्यातही शहीदुल भाई यायच्या आधी पुष्कळ काही होतं, हे आधी सांगून टाकते, नाहीतर एका माणसानं येऊन उजाड रानात मळा फुलवला अशी गोष्ट तयार होते. गोलाम कासेम नावाचे एक आजोबा होते, सगळे त्यांना 'डॅडी' म्हणत. १८९४ चा जन्म, शंभरी ओलांडून गेले. त्यांनी १९६२ मध्ये ढाक्यात कॅमेरा रिक्रिएशन क्लब काढला. मंझूर आलम बेग यांनी १९६० पासून बेगार्ट नावाची शिकवणी चालवली आणि १९७६ मध्ये बांगलादेश फोटोग्राफिक सोसायटी उभी केली. सईदा खानम 'बेगम' साप्ताहिकासाठी फोटो काढत होत्या, तेही बायकांच्या हातात कॅमेरा बघायची कुणाला सवय नव्हती त्या काळात. रशीद तालुकदारांनी १९७१ च्या युद्धात ढाक्यातल्या रायेरबाजारच्या वीटभट्ट्यांच्या जागेत, चिखलातून वर आलेला मारल्या गेलेल्या माणसाचा नुसता चेहरा टिपला, तो फोटो एकदा बघितला की जेवण जात नाही. म्हणजे हात होते, डोळे होते, हिंमतही होती. फक्त वर्तमानपत्रवाले एकीकडं आणि सलोनवाले दुसरीकडं. आमच्याकडं आजही असंच आहे.

शहीदुल आलम यांचा जन्म १९५५ चा. वडील काझी अबुल मन्सूर जंतुशास्त्रज्ञ. पटकीचे जंतू ओळखायला प्रयोगशाळेत जे माध्यम वापरतात त्यातलं एक त्यांच्या नावानं ओळखलं जातं. आई काझी अन्वरा मन्सूर यांनी मुलींची शाळा काढली. मुलगा रसायनशास्त्र शिकायला इंग्लंडला गेला, लंडनला पीएचडी केली. कॅमेरा हातात कसा आला, तर एका मित्रानं अमेरिकेहून येताना माझ्यासाठी निकॉन घेऊन ये म्हणून सांगितलं, यांनी आणला, आणि मित्राकडं द्यायला पैसेच नव्हते. कॅमेरा यांच्याच गळ्यात पडला. पुढं लंडनमध्ये त्यांनी लोकांच्या घरी जाऊन लहान मुलांचे फोटो काढायचं काम केलं. हे वाचलं तेव्हा मला हा माणूस एकदम आपल्यातला वाटला. रडणाऱ्या पोराला खुळखुळा दाखवत, त्याच्या आईला 'जरा बाजूला व्हा' म्हणत ज्यानं पोट भरलंय, त्याच्याशी माझं जमणारच.

१९८४ च्या सुमारास ते ढाक्याला परतले. त्यानंतरचा एक प्रसंग ते स्वतः बऱ्याच ठिकाणी सांगतात. बेलफास्टला ओळखीच्या घरी उतरले होते. संध्याकाळी खिशातली चिल्लर काढून टेबलावर ठेवली, तर घरातली पाच वर्षांची पोर डोळे फाडून बघायला लागली. तुझ्याकडं पैसे कसे? तू तर बांगलादेशचा आहेस! पोरीचा काय दोष. तिनं टीव्हीवर बांगलादेश म्हणून जे बघितलं होतं त्यात पूर, वादळं आणि पसरलेले हात एवढंच होतं, आणि ते काढायला बाहेरून विमानानं आलेले फोटोग्राफर होते.

१९८९ च्या सप्टेंबरमध्ये ढाक्यात धानमंडीला 'दृक' सुरू झालं. फोटोंचा संग्रह, डार्करूम, गॅलरी, कॅलेंडरं छापणं, असं सगळं एका घरात. परदेशी मासिकांना बांगलादेशचा फोटो हवा असेल तर तो बांगलादेशातल्याच माणसाकडून जावा, हा त्यातला मुद्दा. बोलायला सोपं आहे. पण १९९० च्या आसपास ढाक्याहून लंडनच्या संपादकाला गाठायचं म्हणजे फोनचा खर्चच परवडायचा नाही. मग यांनी १९९४ च्या आसपास देशातल्या अगदी सुरुवातीच्या ईमेल सेवांपैकी एक सेवा तिथूनच चालवली. फोटोग्राफर माणूस, पण फोटो पोचायचा तर आधी वाट पाहिजे म्हणून वाट बांधत बसला. त्याच सुमारास कष्टकरी वस्तीतल्या पोरांना कॅमेरा शिकवायला घेतला, त्या गटाचं नाव 'आऊट ऑफ फोकस'. त्यातली काही पोरं पुढं याच धंद्यात राहिली.

या धावपळीत त्यांचे स्वतःचे फोटो चालूच होते. मला त्यातले दोन शेजारी-शेजारी लावून बघायला आवडतात. १९८८ च्या महापुरातली एक बाई, घर पाण्यात, आणि ती छपरावर चूल मांडून स्वयंपाक करतेय. दुसरा त्याच पुराच्या दिवसांतला, एका बड्या घरच्या लग्नाचा, दिव्यांचा लखलखाट. लग्नाचे फोटो मी रोज काढते, म्हणून सांगते, नुसता बघितला तर त्या दुसऱ्या फोटोत टोचण्यासारखं काही नाही, आमच्या ॲल्बममध्ये शोभेल. पहिला शेजारी ठेवला की मात्र त्या दिव्यांकडं बघवत नाही. शहीदुल भाईंचं डोकं असं चालतं. फोटो काढण्याइतकंच तो कशाशेजारी ठेवायचा, कुणाच्या भिंतीवर लावायचा आणि कुणी तिथून उतरवायला सांगितला तर काय करायचं, यात त्यांना रस.

उतरवायला सांगितल्याचा किस्सा पहिल्याच 'छोबी मेला'तला. दक्षिण आशियात फोटोंचा एवढा मोठा आंतरराष्ट्रीय महोत्सव आधी नव्हता, ढाक्यात तो १९९९ संपता संपता सुरू झाला. त्यात १९७१ च्या युद्धाचं एक प्रदर्शन होतं, फोटो-संपादक रॉबर्ट प्लेज आणि शहीदुल भाईंनी मिळून केलेलं. जागा राष्ट्रीय संग्रहालयाची. आता १९७१ म्हटलं की पाकिस्तानी फौजेचे अत्याचार आणि मुक्तिवाहिनीचा पराक्रम, एवढंच सगळ्यांना बघायचं असतं. पण युद्ध संपल्यावर ढाक्यात मुक्तिवाहिनीच्या लोकांनी बांधलेल्या कैद्यांना संगिनींनी भोसकलं होतं, आणि ते होर्स्ट फास आणि मिशेल लॉरां यांनी टिपलं होतं. त्या फोटोंना १९७२ चं पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतलं पत्रकारितेचं मोठं बक्षीस मिळालं. संग्रहालयवाले म्हणाले, असले फोटो काढून टाका. यांनी अख्खं प्रदर्शनच उचललं आणि दृकच्या गॅलरीत नेऊन लावलं.

परक्यांचे दोष दाखवणारे फोटो लावायला कुणीही तयार होतं हो. आपल्याच बाजूच्या माणसाच्या हातातली संगीन भिंतीवर लावायची आणि ती उतरवायला नकार द्यायचा, हे महोत्सवाच्या पहिल्याच वर्षी ठरून गेलं. तेव्हा जी पोरं खिळे ठोकायला आणि फ्रेमा पुसायला होती त्यांनी ते बघितलं. वर्गात शिकवून असलं काही येतं का?

वर्गही होताच म्हणा. 'पाठशाला' ही फोटोग्राफीची शाळा १९९८ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली, वर्ल्ड प्रेस फोटो या नेदरलँड्सच्या संस्थेची मदत घेऊन. बाहेरचे नावाजलेले लोक येऊन शिकवून जायचे, आणि हळूहळू इथलेच शिकलेले शिकवायला लागले. या शाळेतून कोण बाहेर पडलं ते बघायचं तर तस्लिमा अख्तर यांच्यापासून सुरुवात करावी लागते.

२४ एप्रिल २०१३. ढाक्याजवळ साभारला राणा प्लाझा कोसळली, कपड्यांचे कारखाने होते त्यात, अकराशेहून जास्त माणसं गेली. त्या रात्री दोनच्या सुमारास तस्लिमांना ढिगाऱ्यात एक जोडपं दिसलं. तो फोटो तुम्ही पाहिला असेल. बाई मागं वाकलीय, कमरेपासून खाली दोघंही मलब्यात गाडलेले, पुरुषाचे हात तिच्याभोवती. सगळ्यांवर सिमेंटची धूळ, त्यामुळं कातडी आणि भिंत एकाच रंगाची झालीय. फक्त तिच्या कपड्याचा रंग तेवढा धुळीतून वर येतो. पुरुषाच्या डोळ्यातून रक्ताची एक बारीक रेघ निघून गालावर आलीय. मी हा फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा फोकस कुठं आहे वगैरे बघायचं भान राहिलं नाही, आणि मला ते भान सहसा सुटत नाही.

पण माझ्या लेखी खरी गोष्ट या फोटोच्या अलीकडं-पलीकडं आहे. तस्लिमा त्या रात्री बातमी ऐकून धावलेल्या कुणी पाहुण्या फोटोग्राफर नव्हत्या. त्या कपडा कामगारांच्या संघटनेत काम करतात, वर्षानुवर्षं. फोटो जगभर गेला, बक्षीस मिळालं, आणि त्यानंतर त्या बेपत्ता मजुरांच्या घरच्यांनी भिंतींवर चिकटवलेली पोस्टरं, पासपोर्ट साइज फोटो, नावं, गावं गोळा करत बसल्या. त्याचं जाडजूड पुस्तक केलं. पासपोर्ट साइज फोटो म्हणजे आमच्या स्टुडिओचं रोजचं पीठ-मीठ. निळा पडदा, केस नीट करा, हनुवटी जरा खाली. तो फोटो उद्या कुणाच्या हातात कशासाठी धरला जाईल हे आपल्याला कुठं ठाऊक असतं. तस्लिमांचं ते काम कळल्यापासून मी पासपोर्ट फोटो घाईत काढत नाही, गिऱ्हाईक कितीही तणतणलं तरी.

बरं, सगळं गोडच आहे असं नाही. ढाक्यातल्या फोटोग्राफरांवर एक आरोप कायम होतो, आणि तो खोटा नाही. काळपट, दाणेदार, कॉन्ट्रास्ट ताणलेला कृष्णधवल फोटो. विटभट्टी, बोटी, पाऊस, रेल्वेच्या टपावरची गर्दी. ज्या बेलफास्टच्या पोरीची समजूत बदलायला हे सगळं सुरू झालं, तिला परत गरिबीच दिसणार, फक्त आता काढणारा हात बंगाली. परदेशी स्पर्धांना असलं आवडतं, बक्षिसं मिळतात, मग मागची पोरं तेच काढतात. आमच्या धनगराच्या सुरकुत्यांचीच ही थोरली बहीण.

गंमत अशी की हा आरोप सगळ्यात जोरात पाठशालाच्याच पोरांनी केला. मुनेम वासिफ यांनी आधी त्याच वळणाचं उत्तम काम केलं. सातखिऱ्याकडं कोळंबीच्या तळ्यांमुळं जमिनीत खारं पाणी शिरलं, शेती गेली, प्यायचं पाणी गेलं, त्याचे फोटो. नंतर ते स्वतःच त्या वळणावर प्रश्न विचारायला लागले. त्यांनी आणि तन्झीम वहाब यांनी मिळून 'कामरा' काढलं, बंगाली भाषेत फोटोग्राफीविषयी गंभीर लिखाणाचं. नुसते फोटो नाहीत बरं का, वाद, चर्चा, जुन्या लेखांची उजळणी. मराठीत असं काही असेल तर मला कळवा, मी वर्गणी भरायला बसलेय.

आणि सरकार प्रतीक. त्यांनी आजी-आजोबांचे फोटो काढले, जॉन आणि प्रभा. म्हातारपण, आजारपण, एकाच घरात अडकलेले दोघं. विषय ऐकून तुम्हाला काळोखी खोली आणि सुरकुत्या दिसल्या असतील. त्यांनी नेमकं उलटं केलं. सगळं पांढरं. भिंती पांढऱ्या, चादर पांढरी, उजेड इतका की माणसं त्यात विरघळत चाललीत असं वाटतं. आमच्या क्लबात हा प्रिंट आणला असता तर 'ओव्हर झालाय' म्हणून बाजूला ठेवला असता. २०१५ च्या वर्ल्ड प्रेस फोटोत त्याला बक्षीस मिळालं. हेही पाठशालातच शिकले आणि तिथंच शिकवतात. मास्तरांच्या वळणाच्या उलट जाऊन त्याच शाळेत मास्तर होता येतं, हे मला फार मोठं वाटतं. आपल्याकडं गुरूच्या उलट गेलं की घराणं सोडावं लागतं.

मास्तर स्वतःही वळण बदलत होते. २०१० मध्ये त्यांनी 'क्रॉसफायर' नावाचं प्रदर्शन केलं. बांगलादेशात रॅपिड ॲक्शन बटालियन या पोलिसांच्या खास दलाच्या गोळीबारात संशयित मारले जायचे आणि दरवेळी तीच बातमी यायची, चकमकीत ठार. मुंबईच्या एन्काउंटरांच्या बातम्या वाचून मोठे झालेल्या आपल्याला ही भाषा समजावून सांगायला नको. शहीदुल भाईंनी मढी दाखवली नाहीत. प्रकरणांचा अभ्यास करून त्या-त्या जागा रात्री टॉर्चच्या उजेडात काढल्या. भाताचं शेत, काळोख, आणि मध्ये उजेडाचा एक गोळा. बघणारा माणूस कुठं उभा आहे? टॉर्च कुणाच्या हातात आहे? विचार करत गेलं की घाम फुटतो. उद्घाटनाला कोलकात्याहून महाश्वेतादेवी आल्या होत्या. पोलिसांनी दृकचं फाटक अडवलं. महाश्वेतादेवींनी उद्घाटन बाहेर रस्त्यावरच केलं.

त्याच्या आदल्याच वर्षी तिबेटवरच्या प्रदर्शनालाही चिनी वकिलातीच्या नाराजीनंतर पोलीस येऊन उभे राहिले होते. म्हणजे सरकार कुठलंही असो, फाटकावर पोलीस हा दृकचा ठरलेला पाहुणा.

आणखी एक काम सांगते, कारण कारागीर म्हणून मला त्याचं फार अप्रूप आहे. कल्पना चाकमा, चितगाव डोंगराळ भागातली आदिवासी कार्यकर्ती, १२ जून १९९६ ला तिला घरातून पळवून नेलं, आजवर तिचा पत्ता नाही. तिच्यासाठी लढत राहिलेल्या लोकांची व्यक्तिचित्रं शहीदुल भाईंनी केली, पण कागदावर छापली नाहीत. कल्पनाच्या घरी फर्निचर नव्हतं, ती जमिनीवर चटई टाकून झोपायची, म्हणून गवती चटया घेतल्या आणि लेझरनं चेहरे त्यांवर जाळून उमटवले. जाळून, कारण त्या डोंगरातली गावंही जाळलेली. आता विचार करा, लेझरचा जोर जरा जास्त झाला तर गवत पेटणार, कमी झाला तर चेहरा उठणारच नाही. कॅनव्हास प्रिंटवर नवरा-नवरीचे चेहरे छापून देणाऱ्या मला त्या तंत्राचं तेवढं समजतं, आणि किती चटया वाया गेल्या असतील याचाही अंदाज येतो.

मी ढाक्याला गेले ती २०१९ च्या छोबी मेलाला, दहावा होता. कोलकात्याची एक मैत्रीण म्हणाली चल, मैत्री एक्सप्रेसनं गेलो. त्याच्या आदल्या वर्षी काय झालं होतं ते थोडक्यात. २०१८ च्या जुलैअखेरीस बसनं दोन विद्यार्थ्यांना चिरडलं, शाळा-कॉलेजची पोरं रस्त्यावर उतरली, हेल्मेटवाल्या टोळक्यांनी त्यांना आणि फोटो काढणाऱ्यांना झोडपलं. शहीदुल भाई फोटो काढत होते, अल जझीराला मुलाखत दिली, आणि ५ ऑगस्टच्या रात्री त्यांना घरातून उचललं. कोर्टात आणलं तेव्हा त्यांना धड चालता येत नव्हतं, मारहाण झाल्याचं त्यांनी तिथंच सांगितलं. १०७ दिवस आत. रघु राय यांनी तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीनांना जाहीर पत्र लिहिलं, आणि १९७१ च्या कामासाठी बांगलादेशनं ज्यांचा सन्मान केलाय अशा माणसाच्या पत्राला वजन होतं. बाहेर राहनुमा अहमद, त्यांच्या सहचारिणी, स्वतः मानववंशशास्त्रज्ञ, यांनी मोहीम चालवली. २० नोव्हेंबरला सुटका. (बरोबर सहा वर्षांनी, ५ ऑगस्टलाच, हसीनांना देश सोडून पळावं लागलं. तारखांचं काही सांगता येत नाही.)

सुटका नोव्हेंबरात आणि महोत्सव फेब्रुवारीअखेर. जरा हिशोब करा. एका वॉर्डातलं गणपतीचं डेकोरेशन आपल्याकडं तीन महिने आधी सुरू होतं. देशोदेशीचे फोटोग्राफर, प्रिंट, व्हिसा, जागा, ही सगळी तयारी ते तुरुंगात असतानाच चालली असणार. दृक म्हणजे शहीदुल आलम आणि शहीदुल आलम म्हणजे दृक, असं मी तोवर धरून चालले होते. ढाक्यातल्या पंथपथ भागातली एक इमारत बघितल्यावर माझा समज बदलला.

दृक आणि पाठशालासाठी तिथं नवी इमारत चालली होती, अर्धवट. महोत्सव त्या अर्धवट इमारतीतच भरवला होता. न गिलावा केलेल्या भिंती, उघडं काँक्रीट, आणि त्यावर तोलून-मापून लावलेले प्रिंट. मी खालच्या मजल्यावर एका प्रिंटजवळ नाक नेऊन कागद कुठला वापरलाय ते बघत होते (धंद्याची खोड), तर पाठशालाची एक पोरगी येऊन शेजारी उभी राहिली. स्वयंसेवकाचा पट्टा गळ्यात, हातात फडकं. दर थोड्या वेळानं ती धूळ पुसत फिरत होती. मोडक्या हिंदीत आणि तिच्या बऱ्या इंग्रजीत आमच्या गप्पा झाल्या. मी म्हटलं, शहीदुल भाईंचे फोटो तुला कसे वाटतात? म्हणाली, खरं सांगू, मला नाही फारसे आवडत, जुन्या धाटणीचे वाटतात. आणि मग पुढचा अर्धा तास ती मला खोल्यांमधून फिरवत, कुठला प्रिंट चुकीच्या ठिकाणी लावलाय आणि त्यावरून कुणाशी तिचं भांडण झालं ते सांगत राहिली. शहीदुल भाईंना मी लांबूनच पाहिलं, माणसांच्या घोळक्यात. जाऊन बोलावंसं वाटलं नाही. त्या पोरीशी बोलून माझं काम झालं होतं.

छोबी मेलाची एक जुनी रीत मला सगळ्यात आवडते. रिक्षा-व्हॅन, म्हणजे तीन चाकांची पायडलवाली सपाट गाडी, तिच्यावर चारी बाजूंनी फोटो लावायचे आणि ती गल्लीबोळांतून, बाजारातून फिरवायची. गॅलरीची पायरी जो कधीच चढणार नाही त्याच्या दारात प्रदर्शन. तिथं लोक फोटोला हात लावून बघतात, हा कोण, कुठला, म्हणून विचारतात, आणि पटलं नाही तर तोंडावर सांगतात.

महाराष्ट्रात असं काहीच नाही असं मी म्हणत नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, गटारात उतरलेल्या माणसाच्या अगदी जवळ जाऊन, आणि त्यांचा ट्रस्ट मुलांना फोटोग्राफी शिकवतो. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एकेकट्यानं केलेलं मोठं काम आपल्याकडं आहे. पण ज्याच्याशी भांडत-भांडत पुढची पिढी तयार होईल अशी जागा, जिथं खिळा ठोकणाऱ्या पोरीलाही मत असतं, ती मला अजून सापडलेली नाही. पुण्या-मुंबईकडं असेल तर सांगा, येते.

२०२५ च्या जानेवारीत अकरावा छोबी मेला झाला. मला जाता आलं नाही, ऐन लग्नसराई. पण क्लबच्या मीटिंगमध्ये मी विषय काढला: यंदाचं वार्षिक प्रदर्शन हॉल भाड्यानं न घेता मार्केट यार्डात करू. हळदीच्या सौद्याच्या वेळी, हातगाड्यांवर, आणि विषय हमालांचा. हमालांनाच विचारून काढलेले फोटो. सेक्रेटरी म्हणाले, प्रिंटांवर हळद बसेल. खजिनदार म्हणाले, प्रिंट फाटले तर भरून कोण देणार. एका ज्येष्ठांनी विचारलं, पण मग जज कुणाला बोलवायचं? मी म्हटलं, हमालांना. बराच गोंधळ झाला, दोघं उठून गेले, आणि विषय पुढच्या मीटिंगवर ढकललाय. मी दोन हातगाड्यांचं भाडं विचारून ठेवलंय.